‘येते’चं अधिकृत भाषांतर

२ जानेवारी. सकाळ.

नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन मी. पाणीखात्यातून डेप्युटी सुपरिंटेंडेंट (मीटर) म्हणून निवृत्त झाल्यापासून जो ग्रंथ डोक्यात घोळतो आहे, तो यंदा कागदावर उतरणार. आमच्या घराण्याचा इतिहास. अंदाजे सहाशे पानं. शीर्षक ठरलं: ‘सागरापार’. मुखपृष्ठावर आजोबांचा फोटो. प्रस्तावनेतलं शेवटचं वाक्यसुद्धा तयार आहे. राहता राहिला मजकूर.

संकल्प: रोज चार पानं. रविवारी सहा.

हिला सांगितलं. ही म्हणाली, इतिहास लिहिण्यापेक्षा अण्णांजवळ जरा वेळ बसत जा, तो तिथेच बसलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संशोधन म्हणजे काय ते हिला अजून कळलेलं नाही.

२ जानेवारी. संध्याकाळ.

आज पान झालं नाही. नव्या वहीला हात बसायला वेळ लागतो.

अण्णांविषयी थोडं, संदर्भासाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. चार वर्षांचे असताना आजोबांचं बोट धरून बोटीतून इथे उतरले. (कोटी चांगली आहे. पुस्तकात घेणे.) आता पाय गेले, चाकाची खुर्ची आली. कान तेवढे ठणठणीत. काल काय जेवले ते आठवत नाही, पण रोज कुणाची तरी वाट बघतात. कुणाची? तर आईची. “येते म्हणालीय,” म्हणतात.

आता यांची आई, म्हणजे माझी आजी, बोटीवरच गेली. तापाने. आजोबा तिच्याबद्दल उभ्या आयुष्यात एकच शब्द बोलले: “गेली.” केवढा संयम! असे पुरुष आता होत नाहीत. ताप आम्ही नंतर अंदाजाने लावला. मीटर बंद असला की सरासरी लावतात, तसा.

५ जानेवारी.

सरकारी ग्रंथालय, दुसरा मजला, स्थलांतर संग्रह. या देशात बाहेरून कोण कोण आलं, त्याचे कागद, फोटो, सगळं इथे ठेवलेलं आहे. शंभर वर्षांचा माल. शिस्त उत्तम. इतकी, की दारातच माझं पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल. टेबलावरच्या बाईंना मी माझा हुद्दा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पेन्सिल पुढे केली. यापुढे यांचा उल्लेख ‘पेन्सिलबाई’ असा करीन.

योजना: पहिल्या वर्गाच्या उतारूंच्या फोटोंत आजोबा शोधणे. सरकारच्या खास निमंत्रणावरून आले होते, असं माझं मत आहे.

पहिल्या वर्गात नाहीत. दुसऱ्या वर्गातही नाहीत. फोटोग्राफरचा हलगर्जीपणा.

९ जानेवारी.

वाचनकक्षात एसी इतका, की माणसांपेक्षा कागदांची काळजी जास्त आहे हे लगेच कळतं. स्वेटर नव्हता, त्यामुळे काम झालं नाही.

बोटीच्या डेकवरचे फोटो कालपासून बघतो आहे. रांगाच्या रांगा. सगळे सरळ कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे आता माझ्याकडे. एक बाई काल डाव्या कडेला होती. आज मधे वाटली. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१५ जानेवारी.

अखेर सरकारने माझी दखल घेतली!

झालं असं. खुर्चीच्या पायात अंगठा अडकला आणि मी आपल्या भाषेत दोन शब्द बोललो. पेन्सिलबाई उठून आल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतात. त्यांनी हळूच विचारलं, ही कोणती भाषा? मी सांगितली. मग म्हणाल्या, तुमची मदत होईल का?

बंदरावर पूर्वी तपासणीचं केंद्र होतं. बोटीतून उतरलेल्यांना तिथे थांबवून घेत. कुणाला आत सोडत, कुणाला आल्या बोटीने परत पाठवत. थांबलेल्या लोकांचे आवाज एका प्राध्यापकाने तबकड्यांवर भरून ठेवले होते, निरनिराळ्या भाषांचे नमुने म्हणून. आलेल्यांची पेटी वेगळी, परत पाठवलेल्यांची वेगळी. पुढे इमारत बदलताना हमालांनी दोन्ही पेट्या एकात ओतल्या. आता कोण आत आलं आणि कोण परत गेलं, हे बोलण्याच्या अर्थावरूनच ठरवावं लागतं. एका बाईच्या तबकडीची भाषा कुणालाच ओळखू येत नाही.

मी म्हटलं, उद्या येतो. डायरी बघून सांगतो असं आधी म्हणणार होतो, पण राहिलं.

घरी हिला सांगितलं की मी आता भाषातज्ज्ञ आहे. ही अण्णांच्या डोळ्यांत औषध घालत होती. अण्णा लहान मुलासारखे ओरडत होते. त्यांना पापणीला हात लावलेला खपत नाही. हिला माझं बोलणं नीट ऐकू गेलं नसावं.

१६ जानेवारी.

तबकडीवरून उतरवलेला आवाज हेडफोनवर ऐकला. आधी नुसती खरखर. मग एका पुरुषाने इथल्या भाषेत सांगितलं, बोला, काहीही बोला. मग खोकल्याची एक उबळ. आणि मग इतक्या जवळून, की मी वळून मागे बघितलं:

“रडू नको रे फुग्या. मी आहे ना. गार झाले की रे हात. बाबांचा हात सोडायचा नाही हं. जेव नीट.” मागे एक मूल रडतं आहे. मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग ती म्हणते, “येते हं मी. येते.”

संपलं.

माझा अभिप्राय: साधी बाई. वय विशी-बाविशी. आमच्या घराण्याशी संबंध नाही. आमच्या आजोबांची बायको परक्या पुरुषासमोर एवढं बोललीच नसती. शिवाय तेव्हा ती हयात नव्हती.

अधिकृत भाषांतर लिहून दिलं. शेवटचं वाक्य: ‘मी येत आहे. येत आहे.’ विषय: आगमन. खात्री किती, असा रकाना होता. तिथे लिहिलं: ‘निःसंशय’. पेन्सिलबाई म्हणाल्या, पण मूल का रडतं? मी म्हटलं, बाई, मुलं कशालाही रडतात. ती म्हणते आहे येते, म्हणजे येते. ‘येणे’ या क्रियापदात शंकेला जागाच नाही.

निघताना सवयीने त्यांना “येतो” म्हणून गेलो. त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, काही नाही, निघताना म्हणायची पद्धत आहे.

२२ जानेवारी.

पुस्तक: प्रस्तावनेचं पहिलं वाक्य दोनदा बदललं. दुसऱ्यांदा जे केलं, ते मूळचंच होतं.

सकाळी मोरीतला नळ सोडला आणि बाई खोकली. पाइपात हवा अडकली की असा आवाज येतो. हे खात्यात असताना मी कितीतरी तक्रारदारांना समजावून सांगितलं आहे. आज स्वतःला सांगितलं. त्यांना का पटत नसे, ते आज कळलं.

२७ जानेवारी.

लिफ्टचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. “गार झाले की रे हात,” असं स्पष्ट ऐकू आलं. मी जिन्याने गेलो. व्यायामही होतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे कुणी काही म्हणेल.

संकल्प: तबकडी पुन्हा ऐकायची नाही. ग्रंथावर लक्ष द्यायचं.

२८ जानेवारी.

तबकडी पुन्हा ऐकली. फक्त उच्चार तपासण्यासाठी. ती थांबते ना, ‘जेव नीट’ आणि ‘येते’च्या मधे, तिथे ती काय करते? आवंढा गिळते बहुतेक. मीही गिळला. पेन्सिलबाईंनी बरं वाटत नाही का विचारलं. मी एसीची तक्रार केली.

३ फेब्रुवारी.

मोठी बातमी. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर प्रदर्शन भरतं आहे. नाव: ‘आम्ही आलो’. आणि सुरुवातीलाच आपली बाई! मुख्य दार उघडलं की सेन्सर लागणार आणि तिचा आवाज येणार: “येते हं मी. येते.” खाली माझं भाषांतर मोठ्या अक्षरांत. आणि आभाराच्या पाटीवर माझं नाव, पुढे ‘भाषातज्ज्ञ’.

हिला निमंत्रणपत्रिका दाखवली. ही म्हणाली, अण्णांनाही नेऊ या, तेवढंच बाहेर पडतील. मी मोठ्या मनाने होकार दिला. मुलाचं नाव पाटीवर बघायचं भाग्य किती बापांना मिळतं?

१० फेब्रुवारी. दुपार.

उद्घाटन.

मी पुढे पत्रिका घेऊन, ही मागे अण्णांची खुर्ची ढकलत. काचेचं दार सरकलं. “येते हं मी. येते.” मी पाटीकडे गेलो. आडनावातलं एक अक्षर गाळलेलं. पेन्सिलबाईंना तिथल्या तिथे सुनावणार, तेवढ्यात ही “अहो” म्हणाली. तो ‘अहो’ निराळा होता.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. डोळे मिटलेले. आणि बोलत होते. वेगळ्याच आवाजात, लहान मुलं पाठ केलेलं म्हणतात तसं: “रडू नको रे फुग्या. मी आहे ना. गार झाले की रे हात. बाबांचा हात सोडायचा नाही हं. जेव नीट.”

प्रदर्शनात फक्त शेवटचे शब्द लावले आहेत. बाकीचे वर हेडफोनवर आहेत. ते ऐकलेली आणि समजलेली व्यक्ती या शहरात एकच आहे. ती म्हणजे मी. आणि मी घरी कुणाला सांगितलेले नाहीत.

११ फेब्रुवारी.

शांतपणे विचार केला. योगायोग आहे. मुलांना सगळ्याच आया असं म्हणतात.

हिला तसं सांगितलं. ही भांडी पुसत होती. म्हणाली, अहो, तुम्ही घरातून निघताना काय म्हणता?

मी म्हटलं, येतो म्हणतो.

ही म्हणाली, मग कुठे जाता?

हिने पुढचं भांडं पुसायला घेतलं. जेवण गेलं नाही.

आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. शेंबडं पोरही म्हणत नाही. निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि मागे राहणारा ‘ये’ म्हणतो. ती येत नव्हती. निघाली होती. तिला परत पाठवत होते, आणि ती पोराचा निरोप घेत होती. आणि मी, निःसंशय, तिला आलेल्यांत बसवलं.

आणि आजोबा म्हणाले होते ‘गेली’. खोटं नव्हते बोलले. गेलीच होती. गेली म्हटल्यावर ‘कुठे?’ असं कोण विचारतं? घरात तसं विचारणारा एकच होता. तो चार वर्षांचा होता. आम्ही सगळे ऐंशी वर्षं त्याला गप्प करत आलो.

१४ फेब्रुवारी.

अण्णांजवळ बसलो. ठरवून नव्हे, तिथे पंखा होता म्हणून.

विचारलं, तिला का नाही सोडलं आत? अण्णा म्हणाले, डॉक्टरने सगळ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या. माझी बघितली, बाबांची बघितली. तिचे डोळे लाल होते. रडून लाल होते रे, आम्ही बोटीवर आजारी होतो ना. त्याला वाटलं डोळ्यांचा रोग. तिला दुसऱ्या रांगेत उभं केलं. मग एका खोलीत भोंग्यापुढे बसवलं. मला आणि बाबांना तिथे भेटायला सोडलं.

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात तिला? अण्णा म्हणाले, मी रुसलो होतो. बोललो नाही. तोंड फिरवलं.

मग म्हणाले, येईल. येते म्हणालीय.

१५ फेब्रुवारी.

निर्णय: चूक दुरुस्त करायची. आजीला माझ्या हाताने चुकीच्या पाटीखाली उभं केलं आहे. आल्यागेल्याला ती हसून ‘मी येत आहे’ म्हणते, असं लोकांना वाटतं. मला झोप लागत नाही. नळ तर आता न सोडताही खोकतो.

पेन्सिलबाईंना सगळं सांगितलं. पुढे तिचं काय झालं, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, परत पाठवलेल्यांचं पुढचं सरकार ठेवत नाही. इथून बोट सुटली की इथलं काम संपलं. मग जरा थांबून म्हणाल्या, माफ करा. मी म्हटलं, तुम्ही कशाला.

भाषांतर बदलायला तज्ज्ञाच्या मताविरुद्ध अर्ज करावा लागतो. तज्ज्ञ मीच आहे. तरी करावा लागतो. केला.

संकल्प: आठवड्यात निकाल लावून घेणे.

२४ फेब्रुवारी.

समितीचं उत्तर. ‘आपण ज्यांच्या भाषांतरावर आक्षेप घेतला आहे, ते भाषातज्ज्ञ आपल्या मताविषयी निःसंशय आहेत. त्यांच्या तोडीचा पुरावा सादर करावा.’

आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या तोडीचा माणूस मी कुठून आणू?

‘येणे या क्रियापदाची निरोपाच्या प्रसंगीची योजना’ या विषयावर अकरा पानी टिपण लिहायला घेतलं. पुस्तकाचं काम तूर्त थांबलं आहे. सुरू झालं की पुन्हा थांबवण्यापेक्षा हे बरं.

५ मार्च.

एक अडचण निर्माण झाली आहे. अण्णांना प्रदर्शनाची चटक लागली.

मी रोज नेतो. म्हणजे ही नेते, मी वर टिपण लिहितो. दाराच्या बाजूला खांबाला लागून खुर्ची लावायची. दार सरकलं की ती म्हणते, “येते हं मी. येते.” अण्णा म्हणतात, “ये.” एवढंच. पुन्हा दार, पुन्हा “ये”. दुपारभर. ऐंशी वर्षांचं तुंबलेलं एकेक करून देत असावेत. दारावरचा दांडगा गार्ड गर्दी नसली की उगाच बाहेर जातो आणि पुन्हा आत येतो. आज मी स्वतः बघितलं.

अण्णा आता जेवतात चांगले. रात्री हाका मारत नाहीत. डोळ्यांत औषध घालू देतात.

ही म्हणाली, अहो, तो अर्ज कशाला करत बसलात? इतक्या वर्षांनी त्यांना उत्तर द्यायला मिळतंय. देऊ द्या की. मी म्हटलं, इतिहासात भावनेला स्थान नाही. ही म्हणाली, मग तुम्हाला रात्री दचकून उठवतो तो इतिहासच का?

टिपण सादर केलं. सव्वीस पानं झालं.

१२ मार्च.

आज थोडा वेळ खाली अण्णांजवळ उभा राहिलो. दार सरकलं. मीही मनात ‘ये’ म्हटलं. घरी गेल्यावर नळ खोकला नाही.

निर्णय बदलला. अर्ज मागे घेणार. पाटीवर काय लिहिलंय ते वाचणाऱ्याला कळतं. तिला काय म्हणायचंय ते ऐकणाऱ्याला कळतं. (वाक्य चांगलं आहे.) उद्याच जातो.

१३ मार्च.

माघारीचा अर्ज पेन्सिलने चालत नाही. आणि पेन वर नेता येत नाही. घरी लिहून नेणार.

१७ मार्च.

अर्जाचा मसुदा तयार. पण मागे घेण्याचं कारण काय द्यायचं? ‘माझं टिपण चूक आहे’ असं लिहिणं म्हणजे सव्वीस पानांवर पाणी. शैली जरा सुधारून उद्या.

२१ मार्च.

पाठ धरली आहे. ही म्हणाली, दोन ओळी लिहून द्या, मी देऊन येते. मी म्हटलं, हे तांत्रिक काम आहे. सोमवारी नक्की.

२५ मार्च. सोमवार. सकाळ.

माघारीचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन गेलो. वर पोचलो तर पेन्सिलबाई उभ्याच राहिल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात हलवला. त्यांचे डोळे भरले होते. समितीने माझं टिपण एकमताने मान्य केलं! अध्यक्षांनी लिहिलं आहे, इतकं निःसंशय विवेचन वाचण्यात आलेलं नाही.

तबकडी परत पाठवलेल्यांच्या पेटीत गेली. ती ‘आलेली’ नसल्यामुळे ‘आम्ही आलो’मध्ये तिला ठेवता येत नाही. आवाज रविवारीच बंद केला. दुसरा आवाज निवडेपर्यंत दार नुसतंच उघडेल.

मी म्हटलं, पण माझे वडील. पेन्सिलबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे वेळेवर आलं? म्हणाल्या, वर हेडफोनवर ऐकवीन त्यांना, परवानगी यायला थोडे दिवस लागतील.

आयुष्यात सरकारकडे केलेल्या अर्जांपैकी मंजूर झालेला हा माझा पहिलाच.

२५ मार्च. दुपार.

हिला सांगायचं धैर्य झालं नाही. नेमकी आज हिची कंबर दुखत होती. म्हणाली, तुम्हीच न्या अण्णांना, दाराशी बसूनच असतात आता, दुपार झाली की.

तीन मुद्दे काढून ठेवले आहेत. एक: प्रदर्शनं तात्पुरती असतात. दोन: हेडफोनवर आवाज उलट स्पष्ट येतो. तीन: सुचला की लिहितो.

२६ मार्च.

काल जे झालं ते लिहून ठेवतो आणि मग काही दिवस लिहीत नाही.

खुर्ची ढकलायला जड लागते, हे मला माहीत नव्हतं. ग्रंथालयाचं दार सरकलं. काहीच आवाज आला नाही. अण्णांनी मान वर केली. मी खुर्ची थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. दार मिटलं, उघडलं. नुसतं चाकांचं घासणं. गार्डने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. तरी तो बाहेर गेला आणि आत आला. दोनदा.

मी अण्णांच्या पुढ्यात वाकलो. म्हटलं, अण्णा, हे बघा, प्रदर्शनं जी असतात ती.

अण्णा म्हणाले, “आली वाटतं.”

मी विचारलं, कोण?

“आई. येते येते म्हणत होती. आता म्हणत नाही, म्हणजे आली.” मग एकदम घाईला आले. “घरी गेली असेल रे. चल. दाराशी उभी असेल, तिच्याकडे किल्ली कुठाय?”

मी चल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रस्ताभर ते “जरा पटपट” म्हणत होते आणि मी जमेल तेवढं हळू ढकलत होतो. घरी पोचल्यावर काय सांगायचं ते मी ठरवत होतो. इतिहास सांगू? बोट सुटली, पुढचं कुणी ठेवलेलं नाही, असं सांगू? आमच्या गल्लीचं वळण आलं तरी एक वाक्य जुळलं नाही. भीती वाटत होती. बंद दार बघून ते काय करतील याची.

दार बंद नव्हतं. आमचा आवाज ऐकून हिने उघडलं होतं. कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती.

अण्णा म्हणाले, “आलीस?”

ही त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात ही कंबर धरून खाली बसली. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

म्हणाली, “आले रे.”

सासऱ्यांना ही जन्मात कधी अरे-तुरे बोललेली नाही.

अण्णा म्हणाले, “उशीर केलास.”

ही म्हणाली, “हो रे. झाला खरा उशीर.”

मी खुर्चीच्या मागे उभा होतो. मला रडू आलं.